मेंदूची नाडी मोजायला शिकताना

मेंदूतल्या रक्तप्रवाहाची स्पंदनं आणि स्मृतिभ्रंश या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते: प्रोब (कानशिलावर टेकवून ध्वनिलहरी सोडायचं उपकरण) हातात घेण्याआधी समोरच्या माणसाची मनगटावरची नाडी मोजा. मी हे चुकून शिकले.

आमचं रोजचं साधन म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. १९८२ साली रुने आसलिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी आत सोडून मेंदूच्या मोठ्या रोहिण्यांतला वेग मोजून दाखवला. कानशिलावर जेल लावायचं आणि साधारण ५ सेंटिमीटर खोलीवर मधली मस्तिष्क रोहिणी शोधायची. पहिले काही आठवडे मला स्पीकरमधून नुसती खरखर ऐकू यायची. कान तयार व्हायला वेळ लागतो, तो द्या.

मिळालेल्या लाटेतून पल्सॅटिलिटी इंडेक्स काढतात: ठोक्यातल्या सर्वाधिक वेगातून ठोक्याच्या शेवटचा वेग वजा करून सरासरी वेगाने भागायचं. प्रोब तिरका पडला तर वेग कमी दिसतात, पण सगळे एकाच प्रमाणात, म्हणून भागाकारात ती चूक उडून जाते. हा निर्देशांक मला आवडतो तो यासाठीच.

तरुणपणी महाधमनी लवचीक असते. हृदयाने रक्त फेकलं की ती फुगते आणि मग आवळत ते सावकाश पुढे सोडते. वयाबरोबर ती ताठर होते आणि ठोक्याचा झटका पुरेसा न शमता पुढे जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मुळातच कमी, त्यामुळे हा झटका पार आतल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतो. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, दोन्ही गटांत सरासरीने हा निर्देशांक जास्त आणि वेग कमी आढळला आहे. पण झटक्यांनी मेंदूची हानी झाली, की झिजलेल्या मेंदूची रक्ताची गरजच घटली? एका मोजणीवरून हे ठरत नाही, आणि एका माणसाचं निदान तर नाहीच नाही.

माझी चूक अशी. पंचाहत्तरीचे एक आजोबा होते. वरचा वेग सेकंदाला ९२ सेंटिमीटर, खालचा ३०, निर्देशांक १.२२. पुढच्या बारीक वाहिन्यांतला रोध वाढला की निर्देशांक चढतो, म्हणून मी अहवालात ‘सूक्ष्म वाहिन्यांचा रोध वाढलेला’ असं लिहून मोकळी झाले. सरांनी विचारलं, नाडी किती? मी बघितलीच नव्हती. ४८ निघाली. ठोका संथ असला की दोन ठोक्यांमधला काळ लांबतो, शेवटचा वेग आणखी उतरतो आणि निर्देशांक आपोआप चढतो. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याचाही तो चढतो, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूतल्या बारीक वाहिन्या आकसतात. म्हणून आता मी आलेल्या माणसाला आधी दहा मिनिटं निवांत पडू देते, गावाकडच्या गप्पा काढते आणि रक्तदाब, नाडी लिहूनच सुरुवात करते.

आणखी एक. बऱ्याच आजींच्या कानशिलाचं हाड असं असतं की लहरी आत जातच नाहीत. अशी नावं वहीतून खोडू नका. वय आणि रक्तदाबासकट वेगळी लिहून ठेवा. ती गळली, तर तुमची सरासरी फक्त ज्यांच्या हाडातून लहरी गेल्या त्यांचीच उरते. जमलं तर त्यांना फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयसाठी, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआयसाठी, पाठवा. तिथे हाड आड येत नाही.