सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्यावी का?

पक्ष्यांचे फोटो काढू लागलेल्या माणसाला साधारणपणे दुसऱ्या हिवाळ्यात ३०० मिमी लेन्स कमी पडू लागते. (हा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थचा; तो जितका मोठा तितका दूरचा पक्षी मोठा दिसतो.) भिगवणजवळच्या कुंभारगावातून उजनी धरणाच्या पाण्यात निघालेल्या होडीत शेजारच्या माणसाच्या मांडीवर २००-६०० मिमीची झूम लेन्स असते, त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर रोहित पक्ष्याच्या डोळ्याचा फिकट पिवळा रंगसुद्धा दिसत असतो आणि आपल्या फोटोत तोच पक्षी बोटाच्या पेराएवढा आलेला असतो. घरी पोहोचेपर्यंत खरेदीचा निर्णय मनाने जवळजवळ घेऊन टाकलेला असतो. या वर्गातल्या नामांकित लेन्स दीड ते तीन लाखांच्या घरात असल्यामुळे पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहाव्यात, आणि त्यांतल्या पहिलीला तर एक रुपयाही लागत नाही.

गेल्या हंगामातले चांगले फोटो बाजूला ठेवून फसलेले शंभर फोटो संगणकावर उघडावेत आणि प्रत्येकापुढे तो का फसला याचे एकच कारण लिहावे: पक्षी फार लहान आला, मान किंवा पंख हलले, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, चढल्यामुळे फोटोत दाणे आले, फोकस पुढच्या बोरूवर गेला, की बटण दाबेपर्यंत पक्षी उडून गेला. यांतले फक्त पहिले कारण लांब लेन्सने दूर होते. हलण्याचा दोष तिने वाढूही शकतो, कारण फोकल लेंग्थ जितकी जास्त तितका हाताचा कंप मोठा होऊन दिसतो. मी स्वतः ही यादी केली तेव्हा ‘पक्षी लहान’ हे कारण मला वाटले होते तितके पुढे आले नाही. उडणारे पक्षी १/५०० सेकंदाच्या शटर स्पीडवर टिपण्याचा माझा हट्टच बहुतेक फोटोंना नडला होता, आणि १/२००० ठेवायला पैसे पडत नाहीत.

‘पक्षी लहान’ हेच कारण वरचढ ठरले, तर तो किती लहान पडतो हे मोजावे. फुलफ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २० मीटर अंतरावरच्या दृश्याची सुमारे १.२ मीटर रुंदी ६०० मिमी लेन्सच्या चौकटीत मावते, आणि ३०० मिमीच्या चौकटीत २.४ मीटर. सोळा सेंटिमीटर लांबीचा लहान खंड्या २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत पहिल्या लेन्सने ८०० पिक्सेल व्यापतो आणि दुसरीने ४००. मात्र तोच खंड्या १० मीटरवर आला, तर ३०० मिमीनेही ८०० पिक्सेलच मिळतात. पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठी नाकाला रुमाल बांधून का होईना, पण अर्धा तास हालचाल न करता बसल्यास धोबी आणि शेकाट्या आपणहून तेवढे जवळ येतात. शिवाय ३०० मिमीचा फोटो ६०० मिमीएवढा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात, आणि तेवढ्यातून १२ बाय ८ इंचांची छपाई व्यवस्थित निघते. ज्याचे फोटो मोबाइलच्या पडद्यापलीकडे जात नाहीत, त्याने हा हिशेब दोनदा वाचावा. कॅमेरा १.५ क्रॉपचा, म्हणजे दीडपट लहान सेन्सरचा, असेल, तर ४०० मिमीतही फुलफ्रेमवरच्या ६०० मिमीएवढीच चौकट मिळते, हेही लक्षात ठेवावे.

यापुढचा प्रश्न तुम्ही कुठे जाता हा आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. ताडोब्यात जिप्सीतून उतरता येत नाही, त्यामुळे जवळ सरकण्याचा उपाय तिथे चालत नाही. पण वाघ मोठा असतो. तीस मीटरवरचा आडवा उभा वाघ ४०० मिमीत जेमतेम पूर्ण मावतो आणि ६०० मिमीत कापला जातो, तर तो रस्त्यावर दहा मीटरवर आला की २०० मिमीसुद्धा जास्त होतात. म्हणून जंगल सफारी करणाऱ्याला १००-४०० किंवा १००-५०० जास्त उपयोगी पडते. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत स्वर्गीय नर्तकासाठी बसणाऱ्याची अडचण वेगळी आहे. पक्षी सात-आठ मीटरवर येतो, पण झाडीखाली अंधार असतो, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका लेन्समधून प्रकाश कमी येतो, आणि दर स्टॉपला तो निम्मा होतो. एफ ६.३ च्या लेन्समध्ये एफ २.८ च्या तुलनेत दोन स्टॉपहून अधिक कमी, म्हणजे एक पंचमांशच प्रकाश येतो. तिथे ६०० मिमीने चौकट भरेल, पण दाण्यांनी. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारी जोडलेन्स) लावून भागवू म्हणावे, तर आणखी एक स्टॉप जातो आणि एफ ६.३ चे एफ ९ होतात.

उजनीच्या पाण्यावर मात्र लांब लेन्स खरोखर कामाला येते, कारण चांगला नावाडी थव्याच्या फार जवळ होडी नेत नाही, आणि नेऊही नये. पण तिथेही सकाळचे पहिले दोन तासच खरे. ऊन चढले की पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते, शंभर मीटरवरच्या रोहितांचे पाय वितळल्यासारखे वाकडे दिसतात आणि फोटो ढोबळ येतो. लेन्स कितीही महाग असली तरी मधली हवा स्वच्छ करता येत नाही. होडी हलत असल्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग नसतो, म्हणून वजन हातावरच पडते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० या दोन्ही दोन किलोंच्या थोड्या वर आहेत, तर कॅननची आरएफ १००-५०० साधारण १.४ किलोंची आहे. ५०० मिमीच्या टोकाला तिचे अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) एफ ७.१ होते, हा त्या हलकेपणाचा मोबदला. झूम करताना पहिल्या दोन्ही लेन्सची लांबी बदलत नाही आणि तिसरीची नळी पुढे येते. धुळीच्या जिप्सीत हा फरक जाणवतो.

एवढे करूनही मन ६०० मिमीकडेच ओढत असेल, तर तीच लेन्स शनिवार-रविवारी भाड्याने घ्यावी. पुण्या-मुंबईत अनामत आणि ओळखपत्र घेऊन लेन्स भाड्याने देणारे आहेत. एक सकाळ होडीत, एक सकाळ पायी, अशी ती वापरावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खांदा काय म्हणतो तेही ऐकावे, कारण वजनाला कंटाळून कपाटात राहिलेल्या लेन्स मी पुष्कळ पाहिल्या आहेत. नंतर वर्षात आपण खरोखर किती दिवस बाहेर पडतो ते मोजावे. पडू म्हणतो ते नव्हे. ते दिवस आणि भाडे यांचा गुणाकार तीन-चार वर्षांतही किमतीच्या निम्म्यावर पोहोचत नसेल, तर भाडेच परवडते. किमतीत बीन बॅग (लेन्स टेकवायची उशी), ९५ मिमीचा फिल्टर, मोठी पिशवी आणि, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर, ड्राय कॅबिनेटही (आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट) धरावे. पावसाळ्यात ४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखली नाही तर काचेला बुरशी लागू शकते.

घ्यायचीच ठरली, तर भारतातली वॉरंटी असलेली नवी घ्यावी, किंवा जुनी पाहून घ्यावी. जुनी पाहताना खोलीत अंधार करावा, दोन्ही झाकणे काढावीत आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरून पुढून आत पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर ते चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूपासून फाटे फुटलेले पांढरट धागे दिसले, तर ती बुरशी आहे. मग विकणाऱ्याने पुसून देण्याचे किंवा दहा हजार कमी करण्याचे कबूल केले तरी लेन्स झाकणे लावून परत द्यावी, कारण बुरशीने खाल्लेला काचेवरचा लेप पुसून परत येत नाही.