सोलापुरात घरातल्या कासवाची पेटी: ऊब फुकट, ओल मात्र करावी लागते

आधी कोणतं कासव ते पाहा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपल्याकडचं स्टार कासव पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, मग ते कोणी 'भेट' दिलेलं असो की शेतात सापडलेलं. असं कासव हाती आलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. इथे सांगितलेली पेटी आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवाच्या पिल्लासाठी आहे. ते घेताना विकणाऱ्याकडून कागदपत्रं घ्या आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा. मोठं झालेलं सुलकाटा चाळीस किलोंच्या पुढे जातं, म्हणजे ही पेटी पहिल्या दोनेक वर्षांपुरतीच. पुढे अंगण देता येणार नसेल तर घेऊच नका.

'हे वाळवंटी कासव, त्याला सोलापूर मानवेल,' असं म्हणून पुष्कळ पिल्लं वाया जातात. सुलकाटा वाळवंटाच्या कडेला राहतं हे खरं, पण दिवसाचा बराच वेळ ते जमिनीतल्या खोल बिळात असतं आणि बिळातली हवा दमट असते. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. अशा कोरड्या हवेत उघड्यावर वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात आणि ते नंतर बसत नाहीत.

पेटीला १२ मिमीचा ७१० ग्रेड मरीन प्लाय आणा. आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या एका शीटमध्ये सगळं बसतं. चार बाय दोन फुटांचा तळ, चार बाय दीडच्या दोन लांब भिंती आणि दोन बाय दीडच्या दोन आडव्या. उरलेल्या सहा इंची पट्टीचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे जोडले की दोन बाय दोनचं झाकण होतं. ते पेटीच्या थंड अर्ध्या भागावर टाका, दिव्यांचा अर्धा भाग उघडा ठेवा. (करवतीत दोन-चार मिलिमीटर जातात. सुताराला आधीच सांगा, नाहीतर शेवटचा तुकडा आखूड येतो.) काचेची टाकी नको. कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर तिला धडका देत राहतं. आतून तळाला आणि भिंतींच्या खालच्या सहा इंचांना शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लावा, सांधे मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने भरा आणि आठवडाभर वास जाऊ द्या.

तळाला चार इंच जाड थर लागतो, म्हणजे साधारण पंचाहत्तर लिटर माल. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट बादलीत फुगवून दोनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेली लाल माती मिसळा. आपली काळी माती नको, ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. नुसती वाळूही नको, चाऱ्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. पाणी वरून शिंपडू नका, चारही कोपऱ्यांत ओता. खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहिला पाहिजे. वरचा थर सतत ओला राहिला की पोटाकडचं कवच कुजायला लागतं.

थंड बाजूला लपायची जागा म्हणून फुटका माठ आडवा ठेवून अर्धा मातीत गाडा. कडा कानशीने घासून घ्या. आतली माती जरा जास्त ओली ठेवली की हेच त्याचं बीळ. तिथली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के हवी. डिजिटल मापक भिंतीवर उंच टांगू नका, कासवाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. दिव्याखाली शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा टाका. ती तापून ऊब धरते. चाराही तिच्यावरच वाढा, नखं आणि चोच आपोआप झिजतात.

दिवे दोन आणि त्यांची कामं वेगळी. उबेसाठी साधा ६० किंवा १०० वॅटचा तापणारा बल्ब, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, साखळीने टांगलेला. नुसत्या चिमट्यावर भरवसा ठेवू नका, चिमटा सुटून दिवा कोकोपीटवर पडला की आग लागते. फरशीवर ३५ ते ३८ अंश आणि थंड टोकाला २६ ते २८ अंश मिळेपर्यंत साखळी वरखाली करा. दुसरा दिवा यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा: टी-५ प्रकारची लांब नळी, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, कवचापासून ३५ ते ४० सेंटिमीटर वर, मध्ये जाळी किंवा काच न ठेवता. या किरणांशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, चाऱ्यातला कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, काच हे किरण अडवते. नळी वर्षाने बदला, ती उजळ दिसली तरी किरण कमी झालेले असतात. दोन्ही दिवे बारा तास. रात्री अंधार.

मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर गेली तर उबेचा बल्ब बंद, फक्त नळी चालू. पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवूच नका. पेटीचं तापमान ४० अंशांपलीकडे गेलं तर पिल्लू हातचं जाऊ शकतं. कूलर खोलीत चालेल, त्याचा झोत पेटीवर नको. डिसेंबर-जानेवारीत रात्र १५ अंशांच्या आसपास उतरते आणि ओल अधिक गारठा म्हणजे सर्दी-न्यूमोनिया. त्यासाठी उजेड न देणारा १०० वॅटचा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर २६ अंशांना लावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर नळी चालेल, हीटरने बॅटरी लवकर उतरते. तेव्हा सगळी बटणं बंद करून पेटीवर सोलापुरी चादर टाका, एका कोपऱ्यात हवेला फट ठेवा. वीज आली की आधी चादर काढा, मग बटण.

पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असलं तरी दोन लिटर साठवणं अवघड नाही, नंतर तेच कुंड्यांना घाला. पेटीत कुंडीखालची उथळ मातीची बशी काठापर्यंत मातीत पुरून ठेवा आणि तिचं पाणी रोज बदला.

चाऱ्यात मुख्य हरळी आणि वाळलेलं गवत. जोडीला जास्वंदाची पानं-फुलं आणि काटे काढलेला फड्या निवडुंग. पालक आणि घोळ क्वचित. कोवळ्या ज्वारीचे पोंगे अजिबात नाहीत, त्यांच्या विषाने गुरंसुद्धा दगावतात. पोळी, भात, दूध, फळं यांतलं काही नको. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (माकुळाचं हाड) मिळतो, त्याचा एक तुकडा पेटीत टाका, हवं तेव्हा ते चावतं.

नाकाला बुडबुडे, सुजलेले डोळे, अंगठ्याने दाबल्यावर दबणारं कवच, दिवसभर दिव्याखालून न हलणं: यातलं काही दिसलं तर आधी तापमान आणि आर्द्रता मोजा, आणि त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं, त्याला घाबरू नका. दर महिन्याला वजन आणि कवचाची लांबी वहीत लिहा. लांबी वीस सेंटिमीटरला पोचली की ही पेटी अपुरी पडते, म्हणून अंगणातल्या कुंपणाचं काम पंधरा सेंटिमीटरलाच हातात घ्या.