नेटवर सापडलेलं आवडीचं जपताना आणि पाठवताना या चुका टाळा

महिनाभरात नेटवर जे आवडलं त्याची यादी करून घरच्या ग्रुपवर टाकायची, ही सवय फार चांगली. पण बऱ्याच याद्या सहा महिन्यांत निरुपयोगी होतात, आणि त्याची कारणं ठरलेली असतात.

नुसता स्क्रीनशॉट ठेवणं. त्यात लिंक नसते, बहुतेक वेळा तारीखही नसते. स्क्रीनशॉट काढाच, पण त्याच बैठकीत मथळा, लिंक, पाहिल्याची तारीख आणि 'हे का आवडलं' असं एका ओळीत लिहून ठेवा. शेवटची गोष्ट लोक गाळतात. वाचणारा मात्र तिच्यावरूनच लिंक उघडायची की नाही ते ठरवतो.

सगळं एकाच ॲपच्या भरवशावर सोडणं. लेख साठवायचं पॉकेट हे लोकप्रिय ॲप 8 जुलै 2025 ला बंद झालं. म्हणून यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्येही असू द्या. महत्त्वाच्या पानाची लिंक वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवरच्या 'सेव्ह पेज नाऊ' चौकटीत टाका. तारखेसह जी नवी लिंक मिळेल ती मूळ लिंकच्या शेजारी ठेवा. लॉगिन मागणारं पान तिथे नीट साठत नाही. त्याची ब्राउझरमधून पीडीएफ करा.

मराठी लिंक तुटणं. मराठी विकिपीडियावरच्या 'सोलापूर' पानाची लिंक चिकटवली की टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते. कारण सोपं आहे: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट 3 अक्षरांत लिहिला जातो. 'सोलापूर'मध्ये अशी 7 चिन्हं, म्हणजे 63 अक्षरं. ही माळ हाताने छाटली किंवा मध्ये ओळ तुटली की पान उघडत नाही. विकिपीडियाच्या साधनांच्या यादीत छोटी लिंक मिळते, ती वापरा. पाठवण्याआधी स्वतःला पाठवून एकदा उघडून बघा.

शेपूट छाटताना मुंडकंच छाटणं. लिंकमधल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग बहुतेकदा माग काढण्यासाठी असतो आणि तो काढलेला बरा. पण यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच येते, ती गेली की व्हिडिओ गेला. छोट्या लिंकमध्ये ती आधी असते, तिथे शेपूट बिनधास्त काढा, फक्त त्यात वेळ असेल तर तेवढी ठेवा. तासाभराच्या भाषणातला एकच भाग दाखवायचा असेल तर संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून चालू वेळेची लिंक घ्या. 14 मिनिटं 20 सेकंद तिथे 860 सेकंद असे दिसतात.

फोटोखालच्या ओळीवर विश्वास ठेवणं. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. समजा 'डॉ. कोटणीस, चीन, 1945' असा फोटो आला. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 ला जन्मले आणि 9 डिसेंबर 1942 ला चीनमध्येच वारले, म्हणजे सालच खोटं. शिवाय 1946 साली त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा फोटोतला माणूस नट असण्याचीही शक्यता धरा. गूगल लेन्समध्ये आधी पूर्ण फोटो, मग फक्त चेहऱ्याचा भाग शोधा. टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साइटवर 'सर्वांत जुना' असा क्रम लावा. फोटो नेटवर पहिल्यांदा कुठे दिसला याचा अंदाज तिथे येतो, मात्र तो कधी काढला हे त्यावरून ठरत नाही. 12 जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे म्हणून येणारे फोटोही असेच तपासा. त्यांना फाशी झाली 1931 साली, त्यामुळे रंगीत फोटो दिसला तर तो नंतर रंगवलेला असणार. मूळ कृष्णधवल प्रत शोधा.

व्हॉट्सॲपवर फोटोऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर चित्राचा दर्जा घटत नाही आणि फाइलमधली तारीखही टिकते. फोटो म्हणून पाठवलं की दोन्ही जातं, आणि पुढच्याला तपासायला काही उरत नाही.