सर्व्हर नव्हे, केबल!

सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या एकाच कॉम्प्युटरवर सर्व्हरवरची फाइल उघडता उघडत नव्हती. बाकीची मशिन्स सुसाट, त्यामुळे सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क स्टेटसमध्ये स्पीड १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) दिसला. नेटवर्क कार्ड आणि स्विच (सगळ्या केबल्स जिथे जोडतात ती पेटी) मात्र दोन्ही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे. कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या (मेगाबाइट; एक बाइट म्हणजे आठ बिट) वर जाईना, ती यामुळेच. १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. केबल टेस्टर लावला (त्यात प्रत्येक तारेचा एक दिवा असतो), तर ७ नंबरचा दिवा लागेचना. पांढरी-तपकिरी तार कनेक्टरपाशीच तुटलेली. टोक छाटलं, नवा आरजे-४५ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, आणि स्पीड १ जीबीपीएस! नेटवर्क कार्डाचं स्पीडचं सेटिंग ऑटोवरच राहू द्या. ड्रायव्हर, अँटिव्हायरस वगैरे नंतर बघा, आधी तो स्पीडचा आकडा.