शाळेचे वर्ष कधी सुरू करावे, कधी संपवावे: दिवसांचा हिशेब आणि तारखांची बांधणी

जूनच्या मध्याला शाळा उघडते, १ मेला निकाल लागतो, २ मेपासून उन्हाळी सुट्टी. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष या तारखांभोवती इतके रुळले आहे की वार्षिक नियोजन म्हणजे गेल्या वर्षीचा तक्ता काढून त्यातले वार बदलणे, असेच अनेक ठिकाणी होते. तसे करू नका. तारखा सगळ्यांत शेवटी येतात. आधी दिवस मोजायचे, मग तास, मग वर्षाचा शेवट ठरवायचा आणि त्यावरून मागे येत सुरुवात गाठायची. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि समितीत प्रश्न विचारू इच्छिणारे पालक, तिघांनाही हा क्रम उपयोगी पडेल.

कोणाच्या हातात काय आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे हे त्यांतलेच एक. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे हेही त्याच यादीत आहे, आणि दोन्ही एकत्र वाचायला हवीत. प्रत्यक्षात शाळा उघडण्याची तारीख आणि दीर्घ सुट्ट्यांची चौकट राज्याच्या शिक्षण संचालकांच्या परिपत्रकातून येते. सुट्ट्यांची सविस्तर यादी जिल्ह्यात ठरते. शाळेच्या हातात काय उरते? मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या, परीक्षांची आखणी, शनिवार कसा वापरायचा हे, आणि एक महत्त्वाची सवलत: दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून तेवढेच दिवस गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला घेता येतात. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोकणातल्या शाळांना ही सवलत नीट माहीत असते. इतर भागांत ती फारशी वापरली जात नाही.

दिवस मोजा

कोऱ्या कागदावर ३६५ लिहा. ५२ रविवार वजा करा: ३१३. सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नये, म्हणून ७६ वजा करा: २३७. माध्यमिक शाळा संहितेनुसार, म्हणजे शाळांच्या कारभाराच्या राज्याच्या नियमावलीनुसार, कामाचे दिवस किमान २३० हवेत. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले तरी हाताशी उरतात फक्त ७ दिवस.

अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी ऐनवेळी जाहीर केलेली सुट्टी, मतदान केंद्रासाठी ताब्यात गेलेली इमारत, गावातला एखादा आकस्मिक प्रसंग, हे सगळे या ७ दिवसांतून जाते. कोकणात आणि घाटमाथ्यावर एकट्या जुलैमध्ये ते संपू शकतात. म्हणून ७६ ची मर्यादा पूर्ण वापरणारी यादी मुळात करूच नये. ७० ते ७२ वर थांबा आणि उरलेले दिवस राखीव ठेवा. ते लागले नाहीत तर एप्रिलमध्ये उजळणीला मिळतील.

शिक्षण हक्क कायद्याची किमान मर्यादा वेगळी आहे: पहिली ते पाचवी २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस. शनिवारी पूर्ण सुट्टी देणाऱ्या शाळांनी इथे फार सावध राहावे. ३६५ मधून १०४ शनिवार-रविवार गेले की २६१ उरतात. त्यातून पुन्हा ७६ काढले तर १८५, म्हणजे पहिलीसाठीही अपुरे. पाच दिवसांचा आठवडा चालवायचा आणि सहावी ते आठवीचे वर्गही असतील, तर २२० दिवस भरण्यासाठी शनिवार-रविवार सोडून वर्षभरात ४१ च सुट्ट्या देता येतात.

मग तास मोजा, कारण चूक इथेच लपते

कायद्यात दिवसांच्या जोडीला अध्यापनाचे तासही आहेत: पहिली ते पाचवी ८०० आणि सहावी ते आठवी १०००. दिवस भरले म्हणजे तास भरले असे धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. सहावी ते आठवीच्या एका सरळ वेळापत्रकाचे उदाहरण घेऊ. परिपाठ आणि मधल्या सुट्ट्या वगळून पूर्ण दिवशी सव्वापाच तास शिकवणे होते, शनिवारी ३ तास, आणि सकाळच्या शाळेत साडेतीन तास. २३० दिवसांतले ४० शनिवार, २५ दिवस सकाळची शाळा आणि १६५ पूर्ण दिवस:

१६५ × ५.२५ = ८६६
४० × ३ = १२०
२५ × ३.५ = ८७.५

बेरीज सुमारे १०७४ तास. आकडा भरपूर वाटतो. पण परीक्षांचे दिवस अध्यापनाचे नसतात. दोन्ही सत्रांत मिळून १० पूर्ण दिवस आणि १० सकाळचे दिवस परीक्षेत गेले, तर ८७.५ तास कमी होतात आणि आकडा ९८६ वर येतो. २३० दिवस भरूनही १००० तास भरले नाहीत. स्नेहसंमेलनाची तालीम आणि क्रीडास्पर्धांचा आठवडा अजून यात धरलेलाच नाही.

उपाय साधे आहेत. घटक चाचण्या पूर्ण दिवस न घेता पहिल्या तासिकेत उरका आणि पुढच्या तासिका नेहमीप्रमाणे चालू ठेवा. मार्चमध्ये ऊन सोसण्यासारखे असेल तर सकाळची शाळा आठवडाभर उशिरा सुरू करा. शनिवारी एक तासिका वाढवली तर ४० शनिवारांत जवळपास २३ तास मिळतात.

शेवट आधी ठरवा

निकालाची तारीख लिहा आणि मागे या. निकाल १ मेला असेल, तर त्याआधी उत्तरपत्रिका तपासणे, गुणांची नोंद, प्रगतिपुस्तके आणि वर्गोन्नतीची कामे येतात. याला किती वेळ लागतो ते मोजून ठरवा. ४० मुलांचा वर्ग, ६ विषय: २४० उत्तरपत्रिका. एका उत्तरपत्रिकेला ६ मिनिटे धरली तरी २४ तास. शिवाय हेच शिक्षक पर्यवेक्षणालाही असतात. द्विशिक्षकी शाळेत तर दोघांवरच सगळे वर्ग.

२०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचे एकच वेळापत्रक लावले: ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मेला. परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकल्या की मुले शाळेत येणे बंद करतात आणि महिना वाया जातो, हे त्यामागचे कारण खरेच होते. अडचण तपासणीत आली. २५ एप्रिल शुक्रवार होता. मधे एक रविवार सोडला तर निकालापर्यंत ४ कामाचे दिवस. विदर्भातून उन्हाची तक्रारही आली आणि ती रास्त होती.

हे टाळायचे तर पेपरांचा क्रम बदला. मराठी, गणित, विज्ञान अशा तपासायला वेळ लागणाऱ्या विषयांचे पेपर पहिल्या चार दिवसांत घ्या. तोंडी, प्रात्यक्षिक, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण शेवटी ठेवा. मुले शेवटच्या दिवसापर्यंत शाळेत राहतात आणि तपासणी परीक्षेबरोबरच पुढे सरकते. पाचवी आणि आठवीला अनुत्तीर्ण मुलांची फेरपरीक्षा निकालापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते, म्हणून त्या मुलांच्या पूरक मार्गदर्शनाचे दिवस याच तक्त्यात वेगळ्या रंगाने दाखवा. निकालानंतर ठरवू म्हटले की मूल मामाच्या गावी गेलेले असते.

सुरुवात: ऊन आणि पाऊस

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो, पूर्व विदर्भात त्यानंतर. चंद्रपूर, नागपूरकडे पाऊस लांबला तर जूनच्या मध्यालाही पत्र्याच्या वर्गखोल्या तापलेल्या असतात. म्हणून विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात १६ जून, विदर्भात २३ जून. हा फरक ६ कामाच्या दिवसांचा. हे ६ दिवस वरकड मिळत नाहीत, ते ७६ च्या आतच बसवावे लागतात. म्हणजे दिवाळीची किंवा इतर सुट्टी तेवढी आखडती घ्यायची. पोळा, तान्हा पोळा या स्थानिक सुट्ट्या आधी लिहून मगच दिवाळीचे दिवस ठरवा.

शाळा उघडण्याच्या आधी शिक्षकांचे दोन-तीन दिवस कामाचे धरा. या दिवसांत पाण्याची टाकी धुऊन घ्यायची, गळके पत्रे आणि कौले बघायची, स्वच्छतागृहात पाणी येते का ते पाहायचे, पोषण आहाराच्या तांदळाला कीड लागली आहे का ते तपासायचे, पाठ्यपुस्तके वर्गवार मोजून ठेवायची. अडगळीच्या खोलीत दीड महिन्यात साप-विंचू आलेले असतात, तिथे मुलांना सामान काढायला कधीही पाठवू नका. पहिल्या दिवशी पुस्तक हातात नसले की पहिला आठवडा गेला असे समजा.

दिवाळी सरकते, अभ्यासक्रमही सरकवा

दोन सत्रे म्हणजे वर्षाचे दोन सारखे भाग, हा समज दर दोन-तीन वर्षांनी महागात पडतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ महिना आहे. त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. १५ जून ते ५ नोव्हेंबर यांत रविवार वगळून १२४ दिवस येतात. आदल्या वर्षी १६ जून ते १५ ऑक्टोबर धरले तर १०५. पहिले सत्र १९ दिवसांनी मोठे आणि दुसरे तेवढेच तोकडे.

शिवाय २०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेतला प्रत्यक्ष माणसे मोजण्याचा टप्पा आहे आणि घरोघरी नोंद करणारे प्रगणक म्हणून मोठ्या संख्येने शिक्षकच जातात. दहावी-बारावीच्या परीक्षाही आता फेब्रुवारीत सुरू होतात, तेव्हा केंद्र असलेल्या शाळेत खालच्या वर्गांना खोल्या मिळत नाहीत. अशा वर्षी निम्मा-निम्मा अभ्यासक्रम ठेवून चालत नाही. ६० टक्के पहिल्या सत्रात घ्या. गणितातले अपूर्णांक, भाषेतले लेखन असे जड घटक दिवाळीआधी संपवा आणि स्नेहसंमेलन डिसेंबरच्या पुढे ढकलू नका.

ईदच्या सुट्ट्या इंग्रजी तारखांच्या मानाने दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात आणि चंद्रदर्शनावर एक दिवस इकडेतिकडे होतो. त्या दिवसाच्या आगेमागे पेपर लावू नका. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे होळी हा वर्षातला मोठा सण. तिथे दिवाळीचे काही दिवस होळीला देण्याची परवानगी मागा, नाहीतर यादीत कामाचे म्हणून दाखवलेल्या दिवसांत पटावर हजेरीच नसते.

ऊसतोडीची गावे

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. या मुलांसाठी शाळेचे वर्ष दोन तुकड्यांत येते: जून ते ऑक्टोबर आणि एप्रिल. एप्रिलची शाळा नावापुरती ठेवली तर दुसरा तुकडा नाहीसाच होतो. म्हणून अशा गावांत परीक्षा महिनाअखेरीस ठेवणे आणि त्याआधीचे दोन आठवडे परत आलेल्या मुलांसाठी राखणे याला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो. पालक तोडीला गेले तरी मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी पालकांची संमती सप्टेंबरमध्येच घ्या. गाडी भरल्यावर कोणी थांबत नाही. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, त्यात कुठला धडा झाला, वाचन कुठवर आले हे लिहून, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेला पुढे शिकवता येईल.

एप्रिलपासून वर्ष सुरू करावे का?

केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. गोव्याने एप्रिल २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू केले. आपल्या शाळेतही हा विषय निघाला तर होकार देण्याआधी चार गोष्टी तपासा. मार्चअखेर निकाल लावायचा तर अभ्यासक्रम फेब्रुवारीत संपतो का? नवी पुस्तके मार्चमध्ये हातात पडतील का? एप्रिलमध्ये प्रत्येक वर्गात पंखा आणि शाळेत दिवसभर पिण्याचे पाणी आहे का? आणि वरच्या वर्गांचे शिक्षक मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना नवे वर्ग कोण घेणार? यांतल्या एकाचेही उत्तर नाही असेल तर थांबा. विहिरी आटलेल्या गावात, सकाळच्या शाळेत, महिनाभर शिकवून मग दीड महिना सुट्टी दिली की जूनमध्ये तोच पहिला धडा पुन्हा घ्यावा लागतो.

तक्ता पक्का करताना

कच्चा तक्ता मार्चमध्येच व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, मे महिन्यात कोणी भेटत नाही. शेजारच्या शाळांचाही तक्ता बघा. एका घरातली दोन भावंडे दोन शाळांत असतील आणि सुट्ट्या जुळत नसतील, तर दोघेही गैरहजर राहतात. परवानगीची पत्रे सणाच्या किमान महिनाभर आधी जाऊ द्या.

मंजूर तक्ता सूचना फलकावर लावा आणि त्याच्या उजवीकडे दोन रिकामे रकाने आखा: प्रत्यक्ष झालेले दिवस आणि प्रत्यक्ष झालेले तास. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते भरा. ऑगस्टअखेर तीन दिवसांची तूट दिसली तर शनिवारच्या तासिका वाढवून ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरून निघते. मार्चमध्ये दिसली तर भरायला दिवसच उरलेले नसतात.