हॉपी बियर शेजारी शेजारी ठेवून कशी प्यायची, ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

हॉपी बियर म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो कडू. घोडबंदर रोडला, खारघरला, सीवूड्सला, कुठेही टॅप असलेल्या जागी ग्रुप बसला की एकजण आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्स घातलेली बियर) मागवतो, बाकीचे त्याच्या ग्लासातून एक घोट मारतात, तोंड वाकडं करतात आणि परत आपल्या माइल्डकडे वळतात. मला खरंच वाईट वाटतं हे बघून, कारण त्या ग्लासातला सगळ्यात भारी भाग वासात असतो आणि तो घ्यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कडूपणाच्या आधी वासाकडे लक्ष द्या आणि एकटी एकच बियर न पिता दोन समोर ठेवून प्या. फरक दिसायला लागला की आवड आपोआप लागते.

आधी थोडं हॉप्सबद्दल, कारण ते कळल्याशिवाय तुलना करून काही हाती लागत नाही. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये होतात थोडीफार, पण इथल्या ब्रूअरीज बहुतेक करून अमेरिका, जर्मनी वगैरेकडून दाबलेल्या गोळ्यांच्या स्वरूपात मागवतात. फुलाच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी चिकट पूड असते, तिला लुप्युलिन म्हणतात, सगळा माल त्या पुडीत. एक म्हणजे अल्फा आम्लं, ती उकळली की त्यांचं रूप बदलतं आणि बियर कडू होते, आणि दुसरं म्हणजे सुगंधी तेलं. आता गंमत अशी की हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडूपणा पूर्ण उतरतो पण तेलं वाफेबरोबर उडून जातात, अगदी शेवटी घातले तर वास टिकतो, आणि बियर आंबून झाल्यावर टाकीत घातले, म्हणजे ड्राय हॉपिंग केलं, तर कडूपणा फारसा न वाढता वासच वास. म्हणून एकच हॉप वापरलेल्या दोन बियर एकदम वेगळ्या लागू शकतात, त्यामुळे ब्रूअर किंवा टॅपवरचा माणूस समोर असेल तर कुठला हॉप आणि कधी घातला हे बिनधास्त विचारा, आवडीने काम करणारे लोक आवडीने सांगतात.

मेन्यूवर आयबीयू नावाचा आकडा असतो, तो कडूपणाचा. पेल एल साधारण 30 ते 50, अमेरिकन आयपीए 40 ते 70, डबल आयपीए, म्हणजे अजून स्ट्राँग आयपीए, 60 च्या पुढे. पण नुसता आकडा बघून ऑर्डर करू नका. कारल्याच्या भाजीत गूळ पडला की कारलं तेच असतं पण लागतं वेगळं, तसंच इथे माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडवा जास्त असेल तर 60 ची बियर 40 च्या कोरड्या बियरपेक्षा मऊ लागू शकते.

प्रकार फार पाठ करायची गरज नाही, दोन टोकं लक्षात ठेवा. एक वेस्ट कोस्ट आयपीए, कॅलिफोर्नियाकडची पद्धत, स्वच्छ, कोरडी, पपनसाची साल आणि देवदाराचा वास, शेवटी कडूपणा नीट जाणवतो. दुसरी हेझी, जी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला व्हरमाँटकडे वाढली, ओट्स आणि गहू घातलेली, रसासारखी गढूळ, आंबा-अननस-पॅशनफ्रूट असा वास आणि कडूपणा मवाळ. मध्ये कुठेतरी पेल एल. आज जगभर जो संत्र्या-पपनसाचा वास हॉपी बियरची ओळख झालाय त्याच्या मागे कॅस्केड नावाचा हॉप आहे, तो 1972 मध्ये अमेरिकेत प्रसारित झाला आणि 1980 मध्ये सुरू झालेल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीच्या पेल एलने तो गाजवला. आणि हॉपी म्हणजे फक्त एलच (जरा उबेत आंबवलेली बियर) असं पण नाही, चेक लागरमध्ये (थंडाव्यात आंबवलेली बियर) साझ हॉप असतो, त्याचा गवतासारखा, हलका मसालेदार वास फार सुंदर असतो आणि नवीन माणसाला सुरुवात करायला मी तर तीच देईन.

आता खरेदी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण निम्मा खेळ इथेच असतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बो ब्रूअरीतून हॉजसन नावाच्या ब्रूअरची भरपूर हॉप्स घातलेली बियर जहाजाने महिनोन्महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला यायची आणि खराब न होता पोचायची, कारण हॉप्स जंतूंना रोखतात. त्यावरून लोकांना वाटतं आयपीए टिकाऊ असते. टिकते, पण टिकतो तो कडूपणा, वास नाही टिकत. आजची आयपीए ज्या वासासाठी आपण जास्त पैसे देऊन घेतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांतच चांगला असतो, नंतर फळं गायब होतात, मग मध-सुकामेवा असा जडपणा येतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. हेझी तर याबाबतीत सगळ्यात नाजूक. म्हणून वाईन शॉपमध्ये कॅन हातात घेतला की पहिलं खाली किंवा बाजूला छापलेली तारीख बघायची, एक्स्पायरी नाही, भरल्याची तारीख, आणि फ्रीजमधलाच मागायचा. काऊंटरवर ट्यूबखाली किंवा दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली बाटली अजिबात घेऊ नका, मे महिन्यात आपल्याकडच्या उकाड्यात एक आठवडा बाहेर राहिलेला माल फ्रीजमधल्या महिनाभराच्या मालापेक्षा वाईट असू शकतो. घरी नेताना पण तेच, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅन डिकीत तापत बसतो त्यापेक्षा बर्फाची थंड पिशवी सोबत ठेवलेली परवडते.

टॅपवरची बियर कधी कधी जास्त ताजी मिळते, पण तिथेही विचारा कुठली बियर या आठवड्यात लावली. ज्या टॅपचा खप कमी तो टाळा. पॉपकॉर्नच्या बटरसारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर तो हॉपचा नाही, आंबवण्यात काहीतरी राहिलंय किंवा पाईप साफ केलेला नाही, शांतपणे सांगून बदलून घ्या. आपल्याकडे हे सगळं तसं नवीनच आहे, डूलाली ब्रूअरीने पुण्यात 2009 मध्ये सुरुवात केली, गेटवे ब्रूइंगची बियर तर आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीत बनायची, गोव्याची एट फिंगर एडी आयपीए कॅनमध्ये आली, त्यामुळे तुलना करायला माल मिळत नाही असं आता राहिलेलं नाही.

घरी प्यायची असेल तर ग्लास काचेचाच घ्या, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. वाईनचा ग्लास असेल तर उत्तमच, वर निमुळता असल्यामुळे वास आत साठतो. फ्रीजरमध्ये ठेवून बर्फ चढलेला ग्लास मात्र नको, गारठलेल्या बियरला वास नसतो आणि जीभही बधिर होते. फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा, आपल्या हवेत तेवढं पुरतं, 7 ते 10 अंशाला हॉप्स छान उघडतात. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लासला तेलकटपणा राहिलाय, सोड्याने घासून भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर फेस बसतो आणि फेस गेला की वास पण लवकर जातो.

नाक तयार करायला परदेशातलं काही मागवायला लागत नाही, स्वयंपाकघर आणि बाजार बास आहे. एक चमचा धने घ्या, खलबत्त्यात दोनच ठोके मारा, बारीक करू नका, आणि लगेच नाकाजवळ धरा. आधी आपला नेहमीचा मसाल्याचा वास येतो, पण क्षणभर थांबून परत घ्या, त्याच्या मागे लिंबाच्या फुलासारखा, जरासा साबणासारखा गोड वास असतो तो पकडा. तो लिनॅलूल, आणि तोच पदार्थ हॉप्सच्या तेलात असतो. मिरी-लवंगेतला कॅरिओफिलीन हॉप्समध्ये असतो, गुलाबातला जेरॅनिऑल असतो, आणि आंबा नि गवती चहा दोन्हींत असणारा मिरसीन तर हॉप्सच्या तेलातला मोठा हिस्सा. एकदा वाशीला एपीएमसीच्या फळ मार्केटात जाऊन या, संत्रं, अननस, पिकलेला पेरू, गणपतीच्या सुमारास पपनस, सालीवर नख मारून वास घ्या. मग बियर समोर आली की "फ्रूटी आहे" असं गोलमाल न बोलता पेरू का अननस हे सांगता येतं, आणि तुलना तिथून सुरू होते. काही हॉप्समध्ये कांदा-लसणाचा वास पण येतो बरं का, काही जणांना तो आवडतो, मला नाही आवडत.

प्यायची पद्धत अशी, प्रत्येक ग्लासात साधारण 100 मिली ओता, जास्त नको. आधी रंग आणि फेस, मग न हलवता छोटे छोटे दोन हुंगे, मग ग्लास फिरवून परत एकदा. नाक थकलं की स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्यायचा, नाक परत शून्यावर येतं. मग घोट, तोंडात सगळीकडे फिरवून गिळायचा, वाईनवाल्यांसारखं थुंकायचं नाही कारण कडूपणाचा शेवट गिळल्यावरच नीट कळतो, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास बाहेर सोडा, हॉप्सचा दुसरा वास तिथे येतो. मग मनात आकडे मोजा, कडूपणा किती वेळ राहतो आणि कसा राहतो, स्वच्छ सुटतो की अ‍ॅस्पिरिन चघळल्यासारखा घशात अडकतो. मी तरी चांगली आयपीए आणि बरी आयपीए यातला फरक इथेच ओळखते.

क्रम कमी कडूपासून जास्त कडूकडे, हलक्यापासून स्ट्राँगकडे, म्हणजे लागर, पेल एल, हेझी, वेस्ट कोस्ट, डबल शेवटी. उलटं केलंत तर पहिल्या डबलनंतर पेल एल पाणी लागणार आणि त्यात तिचा काही दोष नसणार. एका बैठकीत यातल्या चारच्या वर जाऊ नका, जीभ काम करेनाशी होते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन ब्रूअरींच्या वेस्ट कोस्ट घ्या, किंवा एकाच ब्रूअरीची पेल आणि आयपीए घ्या, सगळंच वेगळं असेल तर फरक कशामुळे पडला ते कसं कळणार.

लेबल दिसत असेल तर माणूस लेबलच पितो, म्हणून घरच्या कोणालातरी दुसऱ्या खोलीत ओतायला सांगा आणि ग्लासच्या बुडाला नाव चिकटवा. अजून कडक परीक्षा हवी तर तीन ग्लास, दोनात एकच बियर आणि तिसऱ्यात वेगळी, वेगळी कुठली ते ओळखायचं. ब्रूअरीजच्या चाचण्यांमध्ये खरोखर वापरतात ही पद्धत, आणि दोन "एकदम वेगळ्या" वाटणाऱ्या बियर इथे किती जवळच्या निघतात ते बघण्यासारखं असतं.

चकण्याचं सांगायचं तर चाखताना साधा पाव आणि पाणी, बास. मसाला शेंगदाणे, शेव, चिली चिकन नंतर. मिरचीची आग आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात, वरून अल्कोहोल, त्यामुळे मामलेदारच्या तिखट मिसळीवर आयपीए घेतली तर दोन्हींचा मजा जातो. खाण्यासोबत प्यायची असेल तर बोंबील फ्राय किंवा रव्यातली कोळंबी, तळलेल्याचा तेलकटपणा बियरच्या कडूपणाने कापला जातो, वर लिंबू पिळलं की हेझी काय लागते म्हणून सांगू.

बेत ठरवताना परत यायचं पण ठरवा. 7 टक्क्याच्या 330 मिलीमध्ये साधारण 18 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि 5 टक्क्याच्या तेवढ्याच बियरमध्ये 13, आयपीएचे दोन ग्लास म्हणजे नेहमीचे दोन ग्लास नव्हेत. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, तेव्हा गाडी घरीच, ठाणे-वाशी लोकल आहे, कॅब आहे.

आणि एक प्रयोग नक्की करा, एकाच बॅचचे दोन कॅन घ्या, एक फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा महिनाभर कपाटात, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून आंधळी तुलना करा. तिसरा कॅन असेल तर तो दोन काचेच्या ग्लासात अर्धा अर्धा ओता, एक बाल्कनीत कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दुसरा तेवढाच वेळ तिथेच पण पूर्ण झाकून. उन्हातल्याला एक उग्र, जनावरासारखा वास यायला लागेल, तो उजेडाने हॉप्सच्या कडू पदार्थाचं जे होतं त्याचा. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांमध्ये तो वास इतका का सापडतो आणि तपकिरी बाटली किंवा कॅन का घ्यायचा हे नाकालाच कळतं. फोनमध्ये लिहून ठेवताना बियरचं नाव, भरल्याची तारीख, टॅप का कॅन, सुचलेलं पहिलं फळ, कडूपणा किती आकडे टिकला आणि परत पैसे देऊन घेणार का, एवढं लिहा, पुढच्या वेळी तीच बियर समोर आली की आधी न बघता परत लिहा आणि मग दोन्ही नोंदी जुळवा.