उद्घाटन सोहळ्यात स्वयंसेवक होताय? या चुका टाळा

मोठ्या स्पर्धेच्या उद्घाटनाला स्वयंसेवक व्हायचं म्हटलं की आपण दिव्यांग मंडळी पहिली चूक फॉर्मवरच करतो. ‘विशेष गरज’ या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळे होतो, नाव कटेल या भीतीनं. मीही एकदा पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरबद्दल अवाक्षर काढलं नाही. ड्युटी लागली वरच्या स्टँडमध्ये, प्रेक्षकांना जागा दाखवायची. तिसऱ्या फेरीला मांडीचा पट्टा असा रुतला की उरलेला सोहळा मी कठड्याला टेकून काढला. आता स्पष्ट लिहितो: ‘पायऱ्या नकोत, सलग वीस मिनिटं उभा राहतो, गेटवर पास स्कॅन करेन.’ बघून कळेल म्हणावं, तर २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातले कितीतरी वरून दिसतच नाहीत.

दुसरी चूक: देतील ते काम मुकाट्यानं घेणं. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं, आणि आपल्याला अजून पाहुण्यांच्या वाटेवर बुके धरून बसवतात, फोटोपुरतं! हेल्प डेस्क मागा, कलाकारांची हजेरी मागा. ऐकू येत नसेल तर वॉकीटॉकीवर चालणारी ड्युटी नको. सूचना व्हॉट्सॲपवर आणि हाताच्या खुणांनी ठरवून घ्या.

मुंबईत लोकलनं जाणार आणि तालीम रविवारी असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठीचा बंद, आधी बघा. स्लो गाडी फास्ट ट्रॅकवर गेली की प्लॅटफॉर्म बदलतो, म्हणजे पुन्हा पूल. वानखेडे स्टेडियमला जायचं तर चर्चगेटच बरं. शेवटचं स्टेशन, जिना लागत नाही.

रंगीत तालीम मात्र चुकवू नका. रिकाम्या मैदानात पाठ केलेली वाट त्या दिवशी केबलनं भरलेली असते. अंध मित्रांनी तीच वाट सगळा सेट लागल्यावर पुन्हा चालून बघावी. व्हीलचेअरवाल्यांनी केबलच्या झाकणावर तिरकं जाऊ नये. पुढचं छोटं चाक वळतं आणि खुर्ची कलते. सरळ जा, नाहीतर मागून आधार घ्या. आतषबाजी, लखलखणारे दिवे यांनी फिट येत असेल तर त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आणि दिव्यांगांचं स्वच्छतागृह तालमीलाच उघडून बघा. मी उघडलं तेव्हा आत छतापर्यंत पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला.